दहा लाख पत्रांची हकिगत

दिवाळी अंकात इतिहासाचे पान उघडले की वाचकाला तलवारींचा खणखणाट ऐकू येईल अशी अपेक्षा असते. पन्हाळ्याचा वेढा, पानिपतावरची संक्रांत, निदान एखादा बंडखोर संस्थानिक तरी! मी आज जी हकिगत सांगणार आहे तिच्यात यांपैकी काही नाही. या लढाईत रक्ताचा थेंब सांडला नाही. लढणाऱ्यांपैकी बहुतेकांनी एकमेकांची तोंडेही पाहिली नव्हती. त्यांचे शस्त्र म्हणजे पत्र. तेही पोस्टाच्या पेटीत टाकलेले नव्हे, ईमेलने धाडलेले. आणि गंमत अशी की, ज्याच्याशी झुंजायचे तो प्रतिपक्ष हाती नजराण्याचे तबक घेऊन दारात उभा होता. तरीही डिसेंबर २०१४ पासून फेब्रुवारी २०१६ पर्यंत चाललेला हा झगडा आपल्या लोकशाहीच्या इतिहासात नोंदवून ठेवावा इतका महत्त्वाचा आहे, असे मला वाटते. आज घराघरांतून मुले मोबाईलवर जे हवे ते शोधतात, पाहतात, वाचतात. त्या सवयीच्या मुळाशी हा झगडा आहे.

झगडा होता रस्त्याचा. तेव्हा आधी रस्त्याविषयी चार शब्द सांगितले पाहिजेत.

१८५४ साली, लॉर्ड डलहौसीच्या अमदानीत, हिंदुस्थानात टपालाचा नवा कायदा झाला. त्यापूर्वी पत्राचा आकार अंतराप्रमाणे बदलत असे. नव्या कायद्याने पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा हा एकच दर साऱ्या मुलखाला लागू झाला. पुण्याहून साताऱ्याला धाडा की कलकत्त्याला, तिकीट अर्ध्या आण्याचेच. पाकिटात लग्नाची कुंकुमपत्रिका आहे की सावकाराचा तगादा, हे पोस्टमन विचारीत नसे. तो वजन पाही आणि पत्ता वाची. वर्तमानपत्रांना टपालात सवलत मिळाली खरी, पण नोंदणी केलेल्या सगळ्या वर्तमानपत्रांना ती सारखीच होती. अमक्या संपादकाचा अंक फुकट आणि तमक्याचा दामदुपटीने, असा भेद तीत नव्हता.

तारेचे तेच. अमेरिकेत १८६० साली पॅसिफिक किनाऱ्यापर्यंत तार नेण्यासाठी जो कायदा झाला, त्यात एक कलम घातले होते. संदेश कोणाचाही असो, तो ज्या क्रमाने आला त्याच क्रमाने, पक्षपात न करता पुढे धाडावा. अग्रहक्क फक्त सरकारी तारांना. हे कलम घालावे लागले, याचाच अर्थ पक्षपात होऊ शकतो हे त्या लोकांनी ओळखले होते. ज्याच्या हाती तार, त्याच्या हाती बातमी. आणि ज्याच्या हाती बातमी, त्याच्या हाती बाजार!

टेलिफोनच्या काळातली एक हकिगत तर मोठी मासलेवाईक आहे. कॅन्सस सिटी या गावी ऑल्मन स्ट्रोजर नावाचा एक गृहस्थ होता. अंत्यविधीची व्यवस्था लावून देणे हा त्याचा धंदा. त्या काळी टेलिफोनची जोडणी एक्स्चेंजमध्ये बसलेल्या बाई हाताने करून देत. आपल्याला येणारे फोन तिथूनच प्रतिस्पर्ध्याकडे वळवले जातात, असा स्ट्रोजरला संशय आला. त्या एक्स्चेंजमधली बाई प्रतिस्पर्ध्याच्या घरचीच होती, अशी आख्यायिकाही सांगतात. दुसरा एखादा भांडून गप्प बसला असता. याने मध्ये माणूस न लागता आपोआप जोडणी करणारे यंत्रच बनवले. १८९१ साली त्याला त्याचे पेटंट मिळाले आणि पुढे जगभरच्या टेलिफोन एक्स्चेंजांत त्याची पद्धत चालली. मधल्या माणसाने मधेच हात घालू नये, एवढ्यासाठी केवढा हा खटाटोप!

इंटरनेटने हीच रीत उचलली. आपण पाठवतो तो मजकूर, चित्र वा गाणे यांचे लहान लहान तुकडे होतात, प्रत्येक तुकड्यावर पत्ता घातला जातो आणि ते तुकडे वाट मिळेल तसे मुक्कामी पोचतात. वाटेतल्या यंत्राने पत्ता पाहावा आणि तुकडा पुढे ढकलावा, एवढेच त्याचे काम. पुढे ही यंत्रे तल्लख झाली. तुकडा कोणाचा, आत काय, हे त्यांना ओळखता येऊ लागले. त्याबरोबर वाटमालकांच्या मनात विचार आला, की सगळ्यांना सारखेच का वागवावे? जो जास्त देईल त्याची गाडी पुढे काढावी. जो आपल्या धंद्याच्या आड येतो त्याची अडवावी. असे होऊ नये, या तत्त्वाला टिम वू या कायद्याच्या प्राध्यापकाने २००३ साली ‘नेट न्यूट्रॅलिटी’ असे नाव दिले. मराठीत कोणी त्याला तटस्थता म्हणतात. मला ‘समदृष्टी’ हा शब्द अधिक जवळचा वाटतो. पण नावात काय आहे? आशय पोस्टमनचाच!

आता मुख्य कथेकडे वळू.

डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेल या दूरसंचार कंपनीने जाहीर केले, की इंटरनेटवरून बोलण्याच्या ज्या सोयी आहेत त्यांच्यासाठी ग्राहकांकडून वेगळा आकार घेतला जाईल. म्हणजे रस्त्याचे भाडे भरलेच आहे, पण त्या रस्त्याने अमक्या दुकानी गेलात तर आणखी द्या! ओरड झाली आणि काही दिवसांतच कंपनीने बेत मागे घेतला. फेब्रुवारी २०१५ मध्ये फेसबुकने रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या मदतीने ‘इंटरनेट डॉट ऑर्ग’ ही योजना आपल्या देशात आणली. काही निवडक संकेतस्थळे पैसे न देता पाहता येतील, अशी ती योजना. ज्या भागांत ती प्रथम सुरू झाली त्यांत महाराष्ट्रही होता. आणि २७ मार्च २०१५ रोजी भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, ज्याला सगळे ‘ट्राय’ म्हणतात, एक सल्लापत्र प्रसिद्ध केले. इंटरनेटवर चालणाऱ्या सेवांना परवाने लावावेत काय, त्यांच्याकडून वेगळा आकार घ्यावा काय, असे वीस प्रश्न त्यात होते. पाने ११८. भाषा इंग्रजी, तीही कायद्याची आणि तंत्राची. जनतेने २४ एप्रिलपर्यंत उत्तरे पाठवावीत, असे आवाहन.

अशी आवाहने नेहमीच निघतात. त्यांना उत्तरे देतात ती कंपन्यांची वकीलमंडळी. सामान्य माणसाला कोण विचारतो आणि सामान्य माणूस तरी ११८ पाने कशाला वाचतो?

या वेळी मात्र काही तरुणांनी ती वाचली. त्यांत निखिल पाहवा हे पत्रकार होते, किरण जोन्नलगड्डा हे संगणकाचे जाणकार होते, अपार गुप्ता हे वकील होते. आणि कितीतरी इतर मंडळी आपापला पोटापाण्याचा उद्योग सांभाळून हाताशी आली. त्यांच्यामागे पक्ष नव्हता, मठ नव्हता. त्यांनी पहिले काम केले ते मास्तराचे. ११८ पानांचे सार चार माणसांना समजेल अशा शब्दांत काढले. दुसरे काम केले ते लेखनिकाचे. वीसही प्रश्नांची उत्तरे तयार करून ‘सेव्ह द इंटरनेट’ या संकेतस्थळावर ठेवली. ज्याला पटतील त्याने ती घ्यावीत, हवा तो फेरफार करावा आणि आपल्या नावाने थेट प्राधिकरणाला धाडावीत.

पुढे ठिणगी पडली. ६ एप्रिलला एअरटेलने ‘झीरो’ नावाची योजना काढली. जी कंपनी एअरटेलला पैसे देईल तिचे दालन ग्राहकाला फुकट, असा तिचा मथितार्थ. ११ एप्रिलला ‘ए. आय. बी.’ या विनोदी मंडळाने या साऱ्या प्रकरणाची टर उडवणारी एक चित्रफीत प्रसिद्ध केली. आपल्याकडे तमाशातल्या सोंगाड्याने राजाला जे सुनवावे ते प्रधानालाही सुनवता येत नाही, ही जुनी रीत आहे. चित्रफीत घरोघर पोचली आणि पत्रांचा पूर लोटला. १४ एप्रिलला फ्लिपकार्टने ‘झीरो’तून अंग काढून घेतले. दुसऱ्याच दिवशी क्लिअरट्रिप ‘इंटरनेट डॉट ऑर्ग’मधून बाहेर पडली, एनडीटीव्हीनेही तोच मार्ग धरला आणि टाइम्स समूहाने जी आपली पाने काढून घेण्याचे ठरवले त्यांत आपला ‘महाराष्ट्र टाइम्स’ही होता. खासदारांपैकी ओडिशाचे तथागत सत्पथी यांनी प्राधिकरणाला पत्र लिहून उघड बाजू घेतली. २४ एप्रिलला मुदत संपली तेव्हा प्राधिकरणाकडे दहा लाखांहून अधिक पत्रे आली होती. आपल्या देशात एखाद्या सरकारी सल्लापत्राला इतके लोक उत्तर देतील, असे चार आठवड्यांपूर्वी कोणी सांगितले असते तर लोक हसले असते.

या विजयाला एक गालबोटही लागले. २७ एप्रिलला प्राधिकरणाने आलेली सगळी पत्रे, धाडणाऱ्यांच्या ईमेल पत्त्यांसकट, आपल्या संकेतस्थळावर जशीच्या तशी मांडून ठेवली. उघडपणासाठी केले म्हणावे, तर दहा लाख माणसांचे पत्ते भामट्यांच्या हाती आयतेच पडले. पत्र लिहिणारा नागरिक धीट असला तरी त्याच्या घराचे दार असे उघडे टाकायचे नसते.

आता नजराण्याचे तबक घेऊन आलेल्या पाहुण्याची गोष्ट. सप्टेंबर २०१५ मध्ये ‘इंटरनेट डॉट ऑर्ग’चे नाव बदलून ‘फ्री बेसिक्स’ झाले. ९ डिसेंबरला प्राधिकरणाने दुसरे सल्लापत्र काढले. या वेळी प्रश्न चारच, आणि मुद्दा एक: वेगवेगळ्या संकेतस्थळांसाठी वेगवेगळे दर लावण्याची मुभा कंपन्यांना असावी काय? नसेल, तर गरिबाला इंटरनेट फुकट पुरवण्याचा दुसरा मार्ग कोणता?

फेसबुकने कंबर कसली. वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती झळकल्या, चौकांत फलक लागले. २८ डिसेंबरला फेसबुकचे संस्थापक मार्क झुकरबर्ग यांनी ‘टाइम्स ऑफ इंडिया’त लेख लिहिला. त्यात त्यांनी महाराष्ट्रातल्या एका शेतकऱ्याचा दाखला दिला. हा शेतकरी या योजनेतून पावसापाण्याचा अंदाज पाहतो, मालाचे भाव पाहतो, नवे पीक घेतो. यात इंटरनेटचे काय बिघडले, असा त्यांचा सवाल होता. सार्वजनिक वाचनालयात सगळी पुस्तके नसतात, सरकारी दवाखान्यात सगळे उपचार नसतात, तरी ती हवीतच ना, असाही युक्तिवाद त्यांनी मांडला.

हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. खेड्यातल्या ज्या मुलाला इंटरनेट म्हणजे काय ते ठाऊक नाही, त्याला चतकोर भाकरी मिळत असेल तर पोटभर जेवलेल्या शहरी माणसाने ती का हिसकावावी? मी शाळेत शिकवतो. वही नसलेल्या मुलाला पाटी दिली तर त्याचे डोळे कसे लकाकतात ते मी पाहिले आहे. म्हणून या प्रश्नाला उत्तर दिल्यावाचून पुढे जाता येत नाही.

उत्तर वाचनालयाच्या दाखल्यातच आहे. गावच्या वाचनालयात पुस्तके थोडी असतात हे खरे. पण ग्रंथपाल हा एका प्रकाशकाचा नोकर नसतो. फ्री बेसिक्समध्ये कोणते संकेतस्थळ बसेल याच्या अटी फेसबुक ठरवणार होते, आणि ये-जा त्याच्याच यंत्रांतून व्हायची होती. उद्या कोकणातल्या एखाद्या मुलाने आंब्याच्या भावाचे आपले नवे संकेतस्थळ काढले, तर त्याने आधी पाहुण्याच्या दारी अर्ज करायचा. आणि ज्याने चतकोर भाकरीच पाहिली, त्याला भाकरी एवढीच असते असे वाटू लागले तर? आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्थेतल्या कितीतरी प्राध्यापकांनी याच आशयाचे निवेदन काढून योजनेला विरोध केला. कार्यकर्त्यांनीही नुसता नकार दिला नाही. दर महिन्याला थोडे इंटरनेट फुकट द्या, पण ते सगळे द्या, निवडून देऊ नका, असे पर्याय त्यांनी सुचवले.

आणि मग या हकिगतीतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा प्रसंग घडला. दुसऱ्या सल्लापत्रावर सुमारे २४ लाख प्रतिक्रिया आल्या. त्यांपैकी १८ लाख ९४ हजार फ्री बेसिक्सच्या बाजूच्या होत्या. फेसबुकने आपल्या वापरकर्त्यांच्या पडद्यावर तयार पत्र ठेवले होते. एक बटण दाबले की ते प्राधिकरणाकडे रवाना होई. डोकी मोजली असती तर निकाल तिथेच लागला होता. पण प्राधिकरणाने, ज्याचे अध्यक्ष त्या वेळी आर. एस. शर्मा होते, फेसबुकला स्पष्ट कळवले: या पत्रांत आम्ही विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे नाहीत, आणि विचारविनिमय म्हणजे घडवून आणलेली मतमोजणी नव्हे.

मी पेशाने मास्तर. उत्तरपत्रिका तपासण्यात उमर गेली. प्रश्न विचारला अफझलखानाच्या वधाचा आणि मुलाने पाठ करून आणलेला ‘माझा आवडता सण’ उतरवून काढला, तर अक्षर मोत्यासारखे असले तरी त्याला गुण कसे द्यावेत? पाने मोजून गुण देता येत नाहीत. प्राधिकरणाने तपासनिसाचा हा साधा धर्म पाळला.

इथे कोणी म्हणेल, की एप्रिलमधली दहा लाख पत्रे तरी कुठे स्वयंभू होती? त्यांतही पुष्कळशी एकाच नमुन्यावरून उतरलेली होती. हे म्हणणे खरे आहे. पण दोन नमुन्यांत अंतर आहे. एक नमुना प्रश्नपत्रिका समोर ठेवून, एकेका प्रश्नाला धरून उत्तर देत होता; आणि पाठवणाऱ्याला ते उत्तर बदलण्याची मोकळीक होती. दुसरा नमुना प्रश्नाकडे न पाहता पाठिंबा तेवढा गोळा करीत होता. गाइड वाचून लिहिलेले उत्तर आणि कोरी जागा भरण्यासाठी लिहिलेली प्रार्थना यांतला फरक कोणताही शिक्षक सांगेल.

८ फेब्रुवारी २०१६ रोजी निकाल लागला. संकेतस्थळ पाहून दर लावण्यास प्राधिकरणाने मनाई केली. मोडणाऱ्याला दिवसाला ५०,००० रुपये दंड, जास्तीत जास्त ५० लाखांपर्यंत. आणीबाणीच्या प्रसंगी लागणाऱ्या सेवांना तेवढी सूट. तीन दिवसांनी, ११ फेब्रुवारीला, फेसबुकने फ्री बेसिक्स भारतातून मागे घेतले. मधल्या काळात फेसबुकच्या संचालक मंडळावरचे मार्क अँड्रीसन यांनी, वसाहतवादाच्या विरोधाने भारताचे आर्थिक नुकसानच केले, अशा अर्थाचे विधान केले. इथे ज्या जखमेवर मीठ पडायचे त्या जखमेवर ते पडले. लगोलग त्यांना माफी मागावी लागली. पुढे ३१ जुलै २०१८ रोजी दूरसंचार विभागाने परवान्यांच्या अटींतच हे तत्त्व घातले. कोणताही मजकूर अडवणे, त्याची चाल मंदावणे किंवा कोणाला झुकते माप देणे, या सगळ्याला बंदी झाली.

अमेरिकेत हे तत्त्व जन्मले, पण तिथे त्याची परवड झाली. २०१४ साली सुमारे ४० लाख प्रतिक्रिया आल्या आणि २६ फेब्रुवारी २०१५ ला तिथल्या आयोगाने नियम केले. १४ डिसेंबर २०१७ ला त्याच आयोगाने ते मोडले. त्या वेळी सव्वादोन कोटींच्या घरात प्रतिक्रिया आल्या होत्या. न्यूयॉर्क राज्याच्या ॲटर्नी जनरलने २०२१ साली चौकशीअंती सांगितले, की त्यांपैकी जवळजवळ १ कोटी ८० लाख खोट्या होत्या! ८५ लाख दूरसंचार कंपन्यांच्या पैशाने चाललेल्या मोहिमेतून आल्या होत्या, आणि ७७ लाख एका एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्याने, नियमांच्या बाजूने, बनावट नावांनी पाठवल्या होत्या. नियम २०२४ मध्ये परत आले आणि जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने पुन्हा उडवले. डोकी मोजण्याचा नाद लागला की डोकी बनवणारेही निघतात, हा त्यातला धडा.

फुकटच्या चतकोर भाकरीविना गरिबाचे काय झाले, हेही पाहिले पाहिजे. सप्टेंबर २०१६ मध्ये रिलायन्स जिओ आले. त्याने सुरुवातीचे महिने इंटरनेट फुकट दिले, पण सगळे दिले. आणि देशभर दर कोसळले. हे चळवळीमुळे झाले असे मी म्हणणार नाही. व्यापाराची ती वेगळी कहाणी आहे. मात्र ‘निवडक तरी घ्या, नाहीतर काहीच मिळणार नाही’ ही भीती खरी ठरली नाही, एवढे इतिहासाने दाखवून दिले.

तरीही या विजयाचा पोवाडा गाताना माझा स्वर एके ठिकाणी अडखळतो. दहा लाख पत्रे कोणाची? ज्यांच्याकडे इंटरनेट होते त्यांचीच. प्रश्नपत्रिका इंग्रजीत होती, आणि ज्या शेतकऱ्याचा दाखला जगातल्या एका बड्या धनिकाने दिला, ज्याच्या हिताची शपथ दोन्ही बाजूंनी वाहिली, त्याच्या बांधावर ती पोचलीच नाही. गाव करी ते राव न करी, असे आपण म्हणतो. पण या लढाईत अर्धे गाव वेशीबाहेरच उभे होते. त्याच्या वतीने जे बोलले ते बरोबर बोलले, हे त्याचे नशीब.

हा प्रश्न कायमचा मिटलेला नाही. जुलै २०२३ मध्ये प्राधिकरणाने इंटरनेटवरच्या सेवांविषयी पुन्हा सल्लापत्र काढले. आमच्या रस्त्यावरून जे मोठमोठे मजकूरवाले धंदा करतात त्यांनी आम्हांला वाटा द्यावा, अशी दूरसंचार कंपन्यांची मागणी तेव्हाही पुढे आली. म्हणजे पोस्टमनने पाकीट उघडून पाहावे काय, हा वाद या ना त्या रूपाने येतच राहणार.

आता मात्र वेशीबाहेरच्या त्या गावात मोबाईल पोचले आहेत. माझ्या वर्गातल्या मुलांचे आईबाप त्यावर बाजारभाव पाहतात, कीर्तने ऐकतात, लेकीला परगावी फोन लावतात. पुढची प्रश्नपत्रिका निघेल तेव्हा तिचे सार कोणीतरी मराठीत काढले पाहिजे, आणि पारावर चार माणसांना वाचून दाखवले पाहिजे. ते काम करायला कोणी मोठा विद्वान लागत नाही. गावात एखादा मास्तर असतोच.